अतिजलद परिपथांतील संरोध जुळणी : एकसर रोधकाचे कार्य

प्रस्तावना :
विद्यार्थ्याचा अंकीय परिपथ तर्कदृष्ट्या अचूक असूनही मधूनच चुकीची मोजणी करतो, तेव्हा 'क्लॉकची वारंवारता कमी करा' असा सल्ला सहज दिला जातो. तो पुष्कळदा निष्फळ ठरतो. कारण दोष वारंवारतेत नसून संकेताच्या कडेच्या शीघ्रतेत असतो. प्रस्तुत लेखात या दोषाचे मूळ व त्यावरील उपाय यांचे विवेचन केले आहे.

परावर्तनाचे कारण :
एफआर-४ प्रकारच्या मुद्रित फलकावर संकेत एका नॅनोसेकंदात सुमारे १५ सेंमी अंतर कापतो. कडेचा उदयकाल १ नॅनोसेकंद असल्यास सुमारे २.५ सेंमीहून लांब वाहकपट्टी प्रेषण रेषेप्रमाणे वागते, असा व्यवहारातील संकेत आहे. अशा रेषेचा स्वतःचा संरोध, म्हणजेच इम्पिडन्स, असतो. टोकाचा संरोध त्याच्याशी जुळला नाही, तर तरंग परावर्तित होतो.

समजा, ३.३ व्होल्टच्या चालकाचा निर्गम रोध १७ ओहम व रेषेचा संरोध ५० ओहम आहे. रेषेत २.४६ व्होल्टचा तरंग शिरतो. सीमॉस ग्राहीचे टोक जवळजवळ खुले असल्याने तेथे तो दुप्पट, म्हणजे ४.९३ व्होल्ट होतो. उद्गमाकडून उलट चिन्हाने परतलेला तरंग हा विभव २.५० व्होल्टपर्यंत खाली ओढतो. उतरत्या कडेच्या वेळी हाच विभव पुन्हा ०.८० व्होल्टपर्यंत वर येतो. एलव्हीटीटीएल प्रणालीत तार्किक शून्याची कमाल मर्यादाही ०.८ व्होल्टच आहे. म्हणजे सुरक्षिततेचे अंतर उरत नाही.

उपाय व मर्यादा :
चालकालगत ३३ ओहमचा रोधक एकसर जोडल्यास उद्गमाचा एकूण रोध ५० ओहम होतो. आता रेषेत १.६५ व्होल्टचा तरंग शिरतो, ग्राहीपाशी दुप्पट होऊन नेमका ३.३ व्होल्ट होतो आणि परतलेला तरंग उद्गमापाशी शोषला जातो. ग्राहीपाशी ५० ओहमचा रोधक समांतर जोडल्यास उच्च स्थितीत सतत मोठा प्रवाह वाहतो. येथे तसे होत नाही. मात्र परावर्तित तरंग परत येईपर्यंत रेषेच्या मध्यावर निम्माच विभव असतो. म्हणून मध्ये अनेक ग्राही जोडलेल्या क्लॉक रेषेस ही पद्धत योग्य नव्हे.

निष्कर्ष :
चालकाचा निर्गम रोध तापमानानुसार व उच्च-नीच स्थितीनुसार बदलतो. त्यामुळे गणिताने काढलेले मूल्य ऑसिलोस्कोपवर पडताळणे आवश्यक आहे. वारंवारता घटविण्यापूर्वी कडेचे निरीक्षण करण्याची सवय विद्यार्थ्यांस लावणे, हे अध्यापनाच्या दृष्टीने अधिक मोलाचे ठरेल.