शहरातला एक फेरा कितीला पडतो? कपडे, प्रवास आणि खाण्याचा धंद्यातला हिशेब



मालाची किंमत कशी काढायची, यावरचा व्हिडिओ पाहून एका ताईंनी विचारलं, "सर, अमरावतीला माल आणायला जातो, तेव्हाचं भाडं आणि खाणं-पिणं धंद्यात धरायचं की घरखर्चात?"

प्रश्न साधा वाटतो. पण याच प्रश्नाचं उत्तर वेळेवर न कळल्यामुळे माझा पहिला धंदा बसला होता. म्हणून आज जरा सविस्तर बोलू.

माझं काय चुकलं

मी वलगावचा. धंदा सुरू केला तो कुर्त्यांचा. आईने बचत गटातून १५,००० रुपये उचलून दिले. वलगावहून अमरावती दहा-बारा किलोमीटर, आणि तिथून पुढे नागपूर रोडला बिझीलँड, सिटीलँडसारखी कपड्याची होलसेल मार्केटं. म्हणजे मोठी बाजारपेठ दारात. मग काय, आठवड्यातून दोन-दोन फेरे! चार गिऱ्हाईकांनी गुलाबी रंग मागितला की निघालो. सोबतीला मित्र. माल घ्यायचा, गिला वडा खायचा, वरून चहा, उन्हाळ्यात थंड, की आलो परत.

माल विकला जात होता. तरी सहा-सात महिन्यांनी आई म्हणाली, "माल तं विकला जाते, मंग पैसा कुठं जाते बापा? गटाचा हप्ता कशातून भरू?"

त्या रात्री मी पहिल्यांदा एका फेऱ्याचा हिशेब कागदावर मांडला. आकडे तेव्हाचे आहेत, तुम्ही आजचे टाका.

- माल : २० कुर्त्या, १८० रुपयांप्रमाणे ३,६०० रुपये
- विक्री २२० ने, म्हणजे एका कुर्तीमागे ४० रुपये, एकूण ८०० रुपये "नफा"
- वलगाव-अमरावती जाणं-येणं : ६०
- शहरातले ऑटो : १००
- गठ्ठ्याचं भाडं : ६०
- दोघांचं खाणं-पिणं : २४०
- किरकोळ : ४०

फेऱ्याचा खर्च झाला ५०० रुपये. २० कुर्त्यांवर वाटला तर एका कुर्तीवर २५ रुपये. म्हणजे माझा नफा ४० नव्हताच, १५ होता. २० कुर्त्यांचे मिळून ३००. त्यात दोन कुर्त्या उधारीवर गेल्या आणि पैसे बुडाले की ४४० रुपये गेले. फेरा १४० रुपये तोट्यात!

चोरी झाली नव्हती, मालही खराब नव्हता. माझा पैसा ऑटोत आणि नाश्त्याच्या प्लेटमध्ये गेला होता, आणि मी त्याला "वरखर्च" म्हणत होतो.

तर ताईंच्या प्रश्नाचं उत्तर : मालासाठी गेलात तर जाण्या-येण्याचा आणि तुमच्या स्वतःच्या साध्या जेवणाचा खर्च मालाच्या किमतीत धरा. मित्राचा गिला वडा घरखर्चात. दोन्ही वेगळं लिहा.

फेरे कमी, माल जास्त

तोच फेरा ६० कुर्त्यांसाठी केला तर? जाणं-येणं ६०, ऑटो १००, मोठ्या गठ्ठ्याचं भाडं १४०, एकट्याचं खाणं ६०. एकूण ३६०. एका कुर्तीवर फक्त ६ रुपये! २५ चे ६ झाले. भाव वाढवला नाही, घासाघीसही केली नाही.

तुम्ही म्हणाल, "सर, ६० कुर्त्यांना १०,८०० रुपये लागतात, ते कुठून आणू?" बरोबर आहे. आणि पैसा असला तरी माहीत नसलेला माल ६० नग घेऊ नका, अंगावर पडेल. त्यापेक्षा गावातल्या तिघींनी मिळून जा. प्रत्येकीचे २० नग, फेरा एकच. आज एकीने जायचं, पुढच्या वेळी दुसरीने. आणि गिऱ्हाईकांची मागणी वहीत लिहीत राहा. वहीत ठरलेला आकडा भरला की फेरा, तोपर्यंत नाही.

ताईंनो, एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना तिकीट अर्ध्या दरात आहे. तुमच्या फेऱ्यात ही सरळ बचत आहे, तीही हिशेबात दिसू द्या.

"सुरतला स्वस्त मिळते" याचं काय?

मिळतं, खोटं नाही. बडनेऱ्याहून भुसावळमार्गे सुरतेला गाड्याही आहेत. पण जाण्याआधी एक भागाकार करा. समजा सुरतेचा फेरा राहण्या-खाण्यासकट ३,००० रुपयांना पडतो आणि एका नगामागे ३० रुपये वाचतात. ३,००० भागिले ३० म्हणजे १०० नग. पहिले १०० नग नुसता खर्च भरून काढतील, वाचणार ते १०१ व्या नगापासून. तुमचा खप महिन्याला ४० नगांचा असेल तर अमरावतीच बरी.

दूरच्या प्रवासात सगळ्यात महाग पडतो तो मुक्काम. आपल्या वलगावला हे वेगळं सांगायला नको. गाडगेबाबांनी २० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ पेढी नदीकाठी देह ठेवला. त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या केल्या. परगावी गेलेल्या गरिबाची अडचण त्यांना बरोबर कळली होती. आपण रात्रीची गाडी धरावी, दिवसभर काम करावं, रात्री परत निघावं. लॉजचं भाडं वाचतं.

कपडे कसे घालायचे?

नवीन उद्योजक इथे दोन चुका करतात. एक म्हणजे होलसेलवाल्यासमोर भारी दिसायला जातात. व्यापारी तुमचा ब्लेझर पाहून भाव कमी करत नाही, उलट वाढवेल! तो पाहतो की तुम्हाला नग, साइज आणि रेट माहीत आहे का आणि पैसे रोख आहेत का. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ च्या घरात जातो. सुती कपडे, डोक्याला दुपट्टा, पायात चालता येईल अशी चप्पल आणि पाण्याची बाटली. बस्स.

दुसरी चूक उलटी. बँकेत कर्जासाठी किंवा प्रदर्शनात स्टॉलवर जसे घरी असतो तसेच जातात. तिथे समोरचा तुम्हाला पहिल्यांदा पाहत असतो. त्यासाठी एक जोड वेगळा ठेवा. महाग नको, धुतलेला आणि इस्त्रीचा हवा. आणि तुम्ही कपडेच विकत असाल तर स्वतःचाच माल घाला. गिऱ्हाईकाने "ही कुर्ती कुठली?" विचारलं की तुमची जाहिरात फुकटात झाली.

गाडगेबाबांच्या अंगावर चिंध्यांचे कपडे, हातात झाडू आणि सोबत मातीचं गाडगं. खाण्याचं भांडं तेच. त्या गाडग्यावरूनच लोकांनी नाव दिलं. ओळख तयार होते ती रोज तसंच राहिल्याने, किमतीने नाही.

खाणं : उपाशी घासाघीस करू नका

खाण्यात काटकसर म्हणजे उपाशी राहणं नाही. मी भुकेल्या पोटी केलेली खरेदी नेहमी महाग पडली. दुपारचे दोन वाजलेले, डोकं दुखते, मग माणूस म्हणतो, "द्या हो, जे काय असेल ते!" म्हणून घरून भाकरी-ठेचा बांधून घ्या आणि मार्केटात शिरण्याआधी खा. गिला वडा खायचाच असेल तर खरेदी झाल्यावर, ठरलेल्या पैशात.

व्यापाऱ्याचा चहा जरूर घ्या, पण त्याच्या भिडेपोटी माल घेऊ नका. दहा रुपयांच्या चहाने दोन हजारांचा नको असलेला गठ्ठा गळ्यात पडतो.

मोठ्या गिऱ्हाईकाला हॉटेलात नेलंत तर बिल नीट वाचा. सर्व्हिस चार्ज सक्तीचा नसतो. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये तसं स्पष्ट केलं आणि २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. नको असेल तर शांतपणे काढून टाकायला सांगा.

आजचं काम

एक छोटी वही घ्या. पुढच्या फेऱ्याला पाच ओळी लिहा : भाडं, ऑटो, माल वाहतूक, खाणं, किरकोळ. बेरीज करा, नगांनी भागा. जो आकडा येईल तो खरेदीच्या भावात मिळवा आणि मगच विक्रीचा भाव ठरवा.

माझ्या आईने गटाचे हप्ते शेवटी शिलाईकामातून फेडले. दुसऱ्यांदा धंदा सुरू केला तेव्हा वही तिच्याच हातात दिली. आता फेऱ्याला निघालो की ती दारातच विचारते, "किती नगांसाठी चालला?" तुम्हीही निघण्याआधी स्वतःला एवढंच विचारा.