बालपणीची हृदयशस्त्रक्रिया आणि पुढील आयुष्य

हृदयात जन्मतः दोष असलेले बालक शस्त्रक्रियेनंतर सुखरूप घरी आले, की त्या घरावरचे मोठे सावट दूर होते. देरासरात पूजा होते, नातेवाइकांना पेढे वाटले जातात आणि ‘मूल आता पूर्ण बरे झाले’ असे सर्वजण मानतात. बहुतेकांच्या बाबतीत हा आनंद सार्थ असतो. तथापि ‘पूर्ण’ या शब्दाचा अर्थ प्रत्येक दोषानुसार वेगळा असतो, हे पालकांनी समजून घेणे आवश्यक आहे.

दर हजार नवजात बालकांपैकी साधारण आठ-नऊ बालकांच्या हृदयात काही ना काही जन्मजात दोष आढळतो. ऐंशी वर्षांपूर्वी यावर फारसा उपाय नव्हता. नोव्हेंबर १९४४ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ‘निळ्या बाळा’वर पहिली शस्त्रक्रिया झाली. १९५४ मध्ये मिनेसोटात डॉ. लिलेहाय यांनी अशा हृदयाची आतून दुरुस्ती केली. आपल्याकडे मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयशस्त्रक्रियेचा पाया घातला. आज पुण्यात रुबी हॉल, दीनानाथ मंगेशकर यांसारख्या रुग्णालयांत बालकांच्या हृदयावर शस्त्रक्रिया होतात. त्यामुळे बालपणी शस्त्रक्रिया होऊन आता पंचविशी-चाळिशीत पोहोचलेली पिढी आपल्या आसपास वावरत आहे.

या पिढीचे पुढे काय होते, याचे उत्तर अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या दोन अभ्यासांत मिळते. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील छिद्र १९५६ ते १९६० या काळात बंद केलेल्या रुग्णांचा सुमारे तीन दशके मागोवा घेतला गेला. पंचविशीच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांचे आयुर्मान सर्वसामान्य समवयस्कांइतकेच राहिले. चाळिशी उलटल्यावर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी मात्र २७ वर्षांनंतर ४० टक्केच हयात होते. त्याच वयाच्या इतर लोकांत हे प्रमाण ५९ टक्के होते. ‘त्रास होत नाही, मग घाई कशाला?’ असे म्हणून केलेला विलंब किती महाग पडतो, ते या आकड्यांवरून दिसते.

दुसरा अभ्यास ‘टेट्रॅलॉजी ऑफ फॅलो’ या गुंतागुंतीच्या दोषाचा होता. शस्त्रक्रियेनंतरचा पहिला महिना पार केलेल्यांपैकी ८६ टक्के रुग्ण ३२ वर्षांनंतरही हयात होते; सर्वसामान्यांत हे प्रमाण ९६ टक्के अपेक्षित होते. यश मोठेच आहे, पण दहा टक्क्यांची तूट उरते. या शस्त्रक्रियेत फुप्फुसाकडे जाणारा अरुंद मार्ग रुंद करताना तेथील झडप अनेकदा निकामी होते. रक्त मागे गळत राहते, उजवा कप्पा वर्षानुवर्षे ताणला जातो आणि रुग्णाला काहीच जाणवत नाही. पुढे हृदयाची लय बिघडू शकते. इको व एमआरआय तपासणीत कप्प्याचा आकार वेळीच कळला, तर योग्य वेळी नवी झडप बसवता येते. तसेच महाधमनीचा अरुंद भाग दुरुस्त केलेल्यांना पुढे उच्च रक्तदाब होऊ शकतो. याउलट लहान छिद्र पूर्ण बंद झालेल्यांना फारशा तपासण्यांची गरज नसते. आपण यांपैकी कोणत्या गटात आहोत, हे हृदयरोगतज्ज्ञच सांगू शकतात.

खरी अडचण पंधराव्या-सोळाव्या वर्षी सुरू होते. बालहृदयतज्ज्ञांकडील फेऱ्या थांबतात. मुलगा दुकानात बसू लागतो, मुलीच्या स्थळांचा विचार सुरू होतो. ‘ऑपरेशनचे कोणाला बोलू नका’ अशी ताकीद घरातूनच मिळते. फाईल माळ्यावर जाते, नाहीतर रद्दीत. मग विवाहानंतर गरोदरपणात शरीरातील रक्ताचे प्रमाण जवळपास निम्म्याने वाढते आणि हृदयावर भार येतो, तेव्हा स्त्रीरोगतज्ज्ञांना जुन्या शस्त्रक्रियेची कल्पनाही नसते. दोष दुरुस्त झालेल्या बहुसंख्य स्त्रिया सुखरूप माता होतात. परंतु त्यासाठी गर्भधारणेपूर्वी तपासणी हवी. फुप्फुसातील रक्तदाब फार वाढलेला असेल तर गर्भारपण जिवावर बेतू शकते. आई किंवा वडिलांना असा दोष असल्यास अपत्यात तो येण्याची शक्यता साधारण तीन ते पाच टक्के असते. म्हणून अठराव्या ते बाविसाव्या आठवड्यात गर्भाच्या हृदयाची इको तपासणी करून घ्यावी. लपवल्याने स्थळ जुळेल, पण धोका टळत नाही.

आपल्या घरांतील आचाराशी निगडित काही गोष्टीही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगाव्यात. धातूची झडप बसवलेल्यांना रक्त पातळ ठेवणारी गोळी आयुष्यभर घ्यावी लागते. चातुर्मासात पालेभाज्या एकाएकी बंद केल्या, तर वॉर्फरिनसारख्या गोळीचा परिणाम वाढून रक्तस्रावाचा धोका संभवतो. त्या काळात रक्ताची तपासणी अधिक वेळा करावी. सूर्यास्तानंतर काही न घेणाऱ्यांनी गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्याव्यात; निर्जळ उपवासही त्यांच्या सल्ल्याशिवाय करू नयेत. अनेक झडपा प्राण्यांच्या ऊतींपासून बनवलेल्या असतात. त्याविषयीचा प्रश्न शस्त्रक्रियेपूर्वीच विचारावा, म्हणजे पर्याय व त्यांचे परिणाम शांतपणे तोलता येतात.

फाईलमध्ये दोषाचे नाव, शस्त्रक्रियेचा तपशील, बसवलेल्या पॅच किंवा झडपेची माहिती आणि सर्व इको अहवाल असावेत. त्यांच्या प्रती मोबाईलमध्येही ठेवाव्यात. दात काढण्यापूर्वी दंतवैद्यांनाही कल्पना द्यावी, कारण काही रुग्णांना त्याआधी प्रतिजैविक घ्यावे लागते. आरोग्य विम्याच्या अर्जात दोष लपवू नये. विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमांनुसार पूर्वीपासूनच्या आजारासाठीची प्रतीक्षा मुदत कमाल तीन वर्षे आहे. माहिती दडवल्यास मात्र दावाच नाकारला जाऊ शकतो.

दुकानात किंवा घरी काम करणाऱ्या एखाद्या कुटुंबात असे बालक असेल, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना यांची माहिती त्यांना अवश्य द्यावी. आणि आपल्याच घरात बालपणी शस्त्रक्रिया झालेले कोणी असेल, तर शेवटची तपासणी कोणत्या वर्षी झाली होती, हे आजच विचारावे.