चष्मा गेला, पण डोळे का खुपतात?

हल्ली मालवण, देवगड, वेंगुर्ले या आपल्या किनारपट्टीच्या गावांतूनही चष्म्याचा नंबर घालविण्यासाठी लेसरची शस्त्रक्रिया करून घेणारी तरुण मुले-मुली दिसू लागली आहेत. कुणाला भरतीसाठी चष्मा नको असतो, तर कुणाच्या लग्नाची बोलणी चाललेली असतात. मुंबईला चाकरमान्यांकडे राहून, नाहीतर गोव्याला किंवा कोल्हापूरला जाऊन काम उरकले जाते आणि आठ दिवसांत मुलगा घरी येतो. लांबचे स्वच्छ दिसते. पण महिना झाला तरी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, सकाळी पापण्या चिकटतात, उजेड सोसवत नाही. मग घरात कुजबुज सुरू होते, एवढा पैसा घालून ऑपरेशन फसले की काय? बहुतेक वेळा ते फसलेले नसते. डोळे कोरडे पडलेले असतात.

असे का होते?

बुबुळावर काचेसारखा पारदर्शक पडदा असतो. त्याला पारपटल म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. लॅसिक नावाच्या पद्धतीत त्याचा वरचा पातळ पापुद्रा कापून बाजूला करतात, खालचा भाग लेसर किरणांनी हवा तेवढा झिजवितात आणि पापुद्रा पुन्हा जागेवर बसवितात. या लेसरने शरीराचा भाग आजूबाजूला न भाजता नेमका कोरता येतो, हे १९८१ साली अमेरिकेत आपल्या भारतात जन्मलेले शास्त्रज्ञ रंगस्वामी श्रीनिवासन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. त्यांनी प्रयोग केला तो सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्की कोंबड्याच्या तुकड्यावर!

पारपटलात अतिशय बारीक मज्जातंतूंचे जाळे असते. डोळा सुकू लागला की हेच तंतू अश्रू सोडण्याचा आणि पापणी मिटण्याचा निरोप पाठवितात. पापुद्रा कापताना त्यांतले पुष्कळ तंतू तुटतात. निरोप पोचत नाही, अश्रू कमी येतात, पापणीही कमी वेळा लवते. तरवा काढून लावणी केली की रोप काही दिवस पिवळे पडते आणि मुळे धरली की सावरते, ते आपण दर पावसाळ्यात पाहतो. हे तंतूही पुन्हा वाढतात; मात्र त्यांना महिने लागतात. बहुतेकांचा त्रास सहा महिने ते वर्षभरात पुष्कळ कमी होतो. थोड्यांचा त्याहून जास्त दिवस राहतो. अशांचे दुखणे ‘मनाचे खेळ’ म्हणून उडवून लावू नये.

हा त्रास दुर्मीळ नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या पाहणीत, आधी कोरडेपणाची कसलीही तक्रार नसलेल्या लोकांपैकी शेकडा २८ पर्यंत लोकांना शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांनी तशी तक्रार जाणवत होती.

दमट हवेत कोरडेपणा कसा?

आपली हवा दमट, मग डोळे कसे सुकतील, असे कुणी विचारील. पण खारा वारा, डोक्यावरचा पंखा आणि मोटारसायकलवर तोंडावर येणारा वारा अश्रूंचा पातळ थर उडवून नेतात. भाजावळीचा आणि चुलीचा धूर, काजू भाजतानाचा धूर, भाताच्या झोडणीची धूळ यांनी डोळे आणखी चुरचुरतात. मोबाइलकडे पाहताना पापणी फारच कमी लवते. म्हणून शस्त्रक्रियेचा दिवस ठरविताना आपल्या कामांचे दिवस आधी बघा. भाजावळ, मोहरावरची फवारणी किंवा झोडणी तोंडावर आली असेल, तर ती उरकू द्या.

शस्त्रक्रियेपूर्वी

नंबर वर्षभर स्थिर आहे ना, हे पाहावे. अश्रूंची तपासणी करून घेण्याचा आग्रह धरावा. खालच्या पापणीत कागदाची पट्टी पाच मिनिटे ठेवून ती किती भिजते, हे डॉक्टर बघतात. आधीच डोळे कोरडे असतील, संधिवात, मधुमेह किंवा थायरॉइडचा विकार असेल, बाई गरोदर किंवा अंगावर पाजणारी असेल, तर ते लपवू नये. डॉक्टर नको म्हणाले तर दुसरीकडे हट्ट धरू नये. चष्मा लावणे हा काही कमीपणा नव्हे.

शस्त्रक्रियेनंतर

डॉक्टरांनी दिलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब डोळे खुपण्याची वाट न पाहता वेळच्या वेळी घालावेत. वारंवार घालायचे असतील तर टिकविण्याचे रसायन नसलेले थेंब मागावेत. बाहेर पडताना गॉगल लावावा. डोळे चोळू नयेत. समुद्रस्नान, रापण ओढणे आणि फवारणी डॉक्टर सांगतील तितके आठवडे बंद ठेवावी. विहिरीच्या पाण्याचे हबके डोळ्यांवर मारू नयेत. मध, एरंडेल, गुलाबपाणी, अंगावरचे दूध यांपैकी काहीही डोळ्यांत घालू नये. सुजेसाठी दिलेल्या स्टेरॉइडच्या थेंबांची बाटली संपल्यावर दुकानातून आपल्या मनाने दुसरी आणू नये. त्याने डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो.

नजर एकाएकी कमी झाली, जोराची कळ आली, लाली वाढली, पू आला किंवा गुराची शेपटी, नारळाची झावळी लागली, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. मुंबईच्या डॉक्टरांची पुढची तारीख अजून लांब आहे म्हणून थांबू नये. ओरोसच्या सरकारी रुग्णालयात दाखवावे आणि शस्त्रक्रियेचे कागद बरोबर न्यावेत.

घरच्यांनीही एवढे करावे. निदान पहिले काही महिने त्या मुलाला किंवा मुलीला धुराच्या आणि धुळीच्या कामाला लावू नये, आणि फेरतपासणीच्या तारखेला शेतीचे काम आड येऊ देऊ नये.