लाखोळीजन्य पंगुत्व आणि मज्जारज्जूची इजा

पूर्व विदर्भातील धानाच्या बांधीत पीक उभे असतानाच ओलीवर लाखोळीचे बी फेकण्याचा परिपाठ जुना आहे. गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यातील चिचगडचा परिसर याच धानपट्ट्यात मोडतो. अवर्षणातही तग धरणारे हे कडधान्य टंचाईच्या काळी गरिबांचे मुख्य अन्न बनते. आणि दोनतीन महिने आहाराचा मोठा भाग त्याचाच असला, तर काहींचे पाय कायमचे ताठरतात. या विकाराचे मुख्य कारण मानले जाणारे ओडॅप हे अमिनो आम्ल 1964 साली भारतीय संशोधकांनी ओळखले. ते प्रेरक चेतामार्गांवर आघात करते. संवेदना बहुधा शाबूत राहते. मूत्राशयाचे कार्यही सहसा टिकते. ॲक्टनने 1922 साली केलेले वर्गीकरण, म्हणजे काठीविना चालणारा, एका काठीचा, दोन काठ्यांचा व सरपटणारा, हे आजही उपयोगी पडते.

असा रोगी झाडावरून वा विहिरीत पडला म्हणजे निदानाचा खरा प्रश्न उभा राहतो. तळपायाचा बाबिन्स्की प्रतिक्षेप त्याच्या ठायी पूर्वीपासूनच विकृत असतो. म्हणून त्यावरून नव्या इजेचा निर्णय करता येत नाही. उलट धडावर एका ठराविक पातळीखाली बधिरता येणे, हातांत अशक्तता जाणवणे किंवा लघवी तुंबणे ही चिन्हे जुन्या विकारात बसत नाहीत. याहून फसवे लक्षण निराळेच आहे. गंभीर इजेनंतर मज्जारज्जू काही दिवस, कधी काही आठवडे, जणू बधिर होतो आणि ताठर पाय एकाएकी लुळे पडतात. पाय मोकळे झाले असे घरच्यांना वाटावे, हे स्वाभाविकच होय. पण ती सुधारणा नव्हे. अशा माणसाला बसवू नये व उचलून चालवू नये. मान व पाठ एका रेषेत धरून फळीवरून हलवावे.

पुढे ताठरता परतते, तेव्हा तिच्यात जुनी किती व नवी किती, हे पूर्वीच्या नोंदीवाचून सांगणे कठीण. यासाठी रोगी आधी किती काठ्यांनी चालत होता, हे नातेवाइकांकडून पहिल्याच दिवशी टिपून घेणे अगत्याचे आहे. उपचाराचे साध्यही त्यावरून ठरते. दोन काठ्यांनी चालणाऱ्याकडून काठीविना चालण्याची अपेक्षा धरणे व्यर्थ होय.

बॅक्लोफेनची मात्रा ठरविताना विशेष सावधगिरी हवी. लाखोळीचा रोगी पुष्कळदा स्नायूंच्या ताठरतेच्याच आधारावर उभा राहतो. ती फार उतरविली तर पाय मऊ होतात, पण उभे राहणे जाते. हे औषध एकदम बंद करणेही धोक्याचे. त्याने तीव्र आचके व भ्रम संभवतात. इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर वा तिच्या वर असल्यास, भरलेल्या मूत्राशयानेसुद्धा रक्तदाब एकाएकी चढून डोके ठणकू लागते. अशा वेळी प्रथम रोग्यास उठवून बसवावे (अर्थात कणा स्थिर असेल तरच) आणि मूत्रनलिका तुंबली आहे काय, ते पाहावे.

शय्याव्रण टाळण्यासाठी सुरुवातीस दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. आहारातून लाखोळी सर्वस्वी वगळावी. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकल्याने ओडॅप बरेच उतरते हे खरे, परंतु ते सर्वच निघून जात नाही.