‘हे तं मागचंच हाय ना बे!’

नवा रॅप अल्बम रात्री बाराला येतो आणि सकाळी वणीच्या चहाच्या टपरीवर त्याचा निकाल लागलेला असतो. एका मोबाइलभोवती चार डोकी, आवाज पूर्ण मोठा. दुसरं गाणं संपायच्या आत कोणीतरी म्हणतंच, ‘हे तं मागचंच हाय ना बे!’ रॅपची याहून थोडक्यात समीक्षा मी तरी वाचलेली नाही. तक्रार बहुतेक वेळा खरीही असते. पण ‘मागचंच’ म्हणजे नेमकं काय मागचं, असं विचारलं की पोरं अडतात.

बोट पहिल्यांदा बीटकडे जातं. 1980 साली रोलँड या जपानी कंपनीने टीआर-808 नावाचं ताल वाजवणारं यंत्र काढलं. तीनेक वर्षांत त्याचं उत्पादन बंद पडलं, पण त्याचा पोटात घुमणारा ढोल अजून बंद पडलेला नाही. आजच्या ट्रॅप गाण्यांचा तो पायाच आहे. त्यावर सुपात दाणे पाखडल्यासारखी हाय-हॅटची तडतड आणि मागे फिरत राहणारं लूप. मग ऑटो-ट्यून, म्हणजे सूर सरळ करणारं सॉफ्टवेअर. ते 1997 मध्ये अँडी हिल्डेब्रँड यांनी आणलं. हा माणूस त्याआधी जमिनीत ध्वनिलहरी सोडून तेल कुठे आहे ते शोधण्याच्या कामात होता. जमिनीखालचा माल शोधायचं गणित गळ्यावर लावलं, हे कोळशाच्या गावातल्या वाचकांना मुद्दाम सांगावंसं वाटतं.

ज्याला स्वतःची बीट बनवून घेणं परवडत नाही, तो यूट्यूबवर आवडत्या रॅपरचं नाव टाकतो आणि पुढे ‘टाइप बीट’ लिहितो. त्या ढंगाच्या बीट्स ढिगाने मिळतात, थोड्या पैशांत वापरायचा परवानाही मिळतो. तीच बीट नागपूरच्या मुलाने घेतलेली असू शकते आणि लुधियान्याच्याही. मोठ्या कलाकाराची अडचण वेगळी. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजलं की एकदा ऐकल्याची नोंद होते. तेवढ्यात माणूस पळून जाऊ नये म्हणून त्याला ओळखीचंच काहीतरी आधी ऐकवायचं.

तरीही माझं मन बीटला दोषी धरायला तयार होत नाही. आपल्या भागात तुकडोजी महाराजांची भजनं खंजिरीवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. सत्यपाल महाराज सात खंजिऱ्या पुढ्यात घेऊन बसतात. वाद्य तेच, थाप तीच, बोलण्याची ढबही तीच, आणि माणसं मध्यरात्रीपर्यंत हलत नाहीत. कारण त्या थापेवर हुंडा येतो, दारू येते, बुवाबाजी येते, समोर बसलेल्यांच्या घरातलं येतं. पोवाड्याचंही तसंच. चाल जुनी म्हणून शाहिराला कोणी उठवून लावलं नाही. कान तोच आवाज मुकाट्याने सहन करतो, तीच हकिकत मात्र करत नाही.

रॅपर डिव्हाइनचं उदाहरण घ्या. विवियन फर्नांडिस, अंधेरीच्या जे. बी. नगरचा. 2013 मध्ये ‘ये मेरा बॉम्बे’, 2015 मध्ये कुर्ल्याच्या नेझीबरोबर ‘मेरे गली में’. या दोघांच्या आयुष्यावरून सुचलेला ‘गली बॉय’ हा सिनेमा 14 फेब्रुवारी 2019 ला आला आणि गल्ली देशभर पोचली. मग अल्बम: 2019 मध्ये ‘कोहिनूर’, 2020 मध्ये ‘पुण्य पाप’, 2022 मध्ये ‘गुनहगार’. आवाज कसलेला आहे, बीट दर वेळी महाग होत गेली आहे. पण माझ्या कानाला फिरून फिरून एकच कथा ऐकू येते: खालून वर आलो, कोणी साथ दिली, कोणी दगा दिला. पहिल्यांदा ऐकली तेव्हा अंगावर काटा आला होता. ‘पुण्य पाप’मध्ये तो स्वतःच्या आत डोकावतो, म्हणून तिन्हींत मला तोच जवळचा. वर पोचलेल्या माणसाला तिथे काय सलतं, हे मात्र अजून पुरतं ऐकायला मिळालेलं नाही. पडीक रान मोडून घेतलेलं पहिलं पीक जोमात येतं. पुढच्या पिकाला खत लागतं, हे वणीच्या कास्तकाराला सांगायला नको.

बदललं तरी सुटका नाही. पुण्याच्या ताडीवाला रोडचा रॅपर एमसी स्टॅन 2020 मध्ये ‘तडीपार’ घेऊन आला, शिव्यांसकट आणि जखमांसकट. 2022 च्या ‘इन्सान’मध्ये तो हळवा झाला, सुरात गाऊ लागला, तर त्याच पोरांना जुना स्टॅन हवा होता. चाहत्यांचं हे असं असतं. नवं मागतात आणि जुन्यावर नाचतात.

सुटायची एक वाट ‘स्वदेसी’ या मुंबईच्या चमूने दाखवली. 2019 च्या ‘द वारली रिव्होल्ट’मध्ये आरेच्या पाड्यावरचे प्रकाश भोईर त्यांच्यासोबत आहेत आणि विषय आहे जंगल. रॅपर ‘मी’ थोडा बाजूला ठेवतो, आणि त्याच ढोलावर आपण न ऐकलेलं काहीतरी येतं.

आपल्याकडची पोरंही लिहितात, मोबाइलवर रेकॉर्ड करतात. आणि बरीचशी मुंबईची गल्ली लिहितात! म्हणजे डिव्हाइनने दहा वर्षांपूर्वी जगलेलं आयुष्य, टाइप बीटवर, उसन्या हिंदीत. वणीत ना चाळ, ना लोकल. इथे उकणी-नीलजईच्या खाणी आहेत, घुग्गुस रोडवर कोळशाचे ट्रक आहेत, दोरीवरच्या कपड्यांवर बसणारी काळी धूळ आहे, निर्गुडा नदी आहे, कापसाचा भाव आहे. ‘काऊन बे’ म्हणताना जिभेला जो हेल बसतो तोही आहे. एवढा माल दारात पडलेला असताना अंधेरीला कशाला जायचं?

पुढचा अल्बम आला की गाणं लावायच्या आधी नुसते बोल वाचून बघा. तिसऱ्या ओळीनंतर चौथी तुम्हालाच सुचली, तर टपरीवरच्या त्या पोराचा निकाल बरोबर आहे.