र्योगोकूचा आखाडा, सकाळपासून

टोकियोत सुमो बघायला आलेले बहुतेक प्रवासी दुपारी साडेतीन-चारला कोकुगिकान या सुमोच्या सभागृहात शिरतात. नावाजलेले पैलवान तेव्हाच उतरतात आणि सहाच्या सुमारास सगळं आटोपतं, त्यामुळे हिशेब बरोबर वाटतो. पण तिकीट दिवसभराचं असतं आणि कुस्त्या सकाळीच सुरू झालेल्या असतात. माझं ऐकाल तर लवकर जा. सुमोतली उतरंड इथे दिवसभरात आपल्यासमोर उभी राहते आणि ती तळापासून बघण्यातच गंमत आहे.

सोबू मार्गावरच्या र्योगोकू स्थानकातून पश्चिमेच्या दाराने बाहेर पडलं की इमारत समोरच दिसते. पैलवानांच्या नावांचे रंगीत उभे झेंडे आणि ढोल वाजवायचा उंच मनोरा असल्यामुळे वाट विचारावी लागत नाही. इमारत मात्र प्राचीन वगैरे नाही. ती 1985 च्या जानेवारीत उघडली. पहिलं कोकुगिकान जवळच्याच एकोइन मंदिराच्या आवारात 1909 मध्ये झालं. टोकियो स्थानकाचा वास्तुकार तात्सुनो किंगो यानेच ते उभारलं होतं. त्याआधी त्या मंदिरात उघड्यावर कुस्त्या व्हायच्या आणि पाऊस आला की खोळंबायच्या. आजच्या इमारतीच्या छपरावर पडणारं पाणी तळघरातल्या टाकीत साठवून स्वच्छतागृहांना वापरतात.

आत सुमारे अकरा हजार माणसं मावतात. खाली चौघांना मिळून एक चौकोनी खण, चार गाद्या, आणि चपला बाहेर. मांडी घालून जेवणाऱ्याला त्याचं काही वाटू नये. तरी चार धष्टपुष्ट माणसांनी एक खण घेण्याआधी विचार करावा. वरच्या मजल्यावर साध्या खुर्च्या आहेत. तिथून चेहरे लहान दिसतात, पण सगळा आखाडा नजरेत येतो. छताखाली चहूबाजूंना स्पर्धा जिंकलेल्यांची माणसाहून मोठी चित्रं टांगलेली आहेत.

मधोमध दोह्यो, म्हणजे मातीचा चौथरा. त्यावर भाताच्या पेंढ्याच्या वळकट्या पुरून आखलेलं 4.55 मीटर व्यासाचं रिंगण. आपल्याकडे कुस्तीच्या हौद्यातली तांबडी माती ताक, तेल, हळद घालून भुसभुशीत करतात. इथे माती ठोकून ठोकून फरशीसारखी टणक केलेली असते आणि दोनेक फूट उंचीवरून पैलवान थेट पुढच्या रांगेतल्या प्रेक्षकांवर कोसळू शकतो. दर स्पर्धेआधी चौथरा तयार करायचं काम योबिदाशी करतात. एरवी पैलवानांची नावं गाऊन पुकारणारी हीच माणसं. पेंढ्याच्या वळकट्या ठोकून नीट करायला ती बिअरची रिकामी बाटली वापरतात. स्पर्धेच्या आदल्या दिवशी पूजा होते आणि चौथऱ्याच्या पोटात तांदूळ, मीठ, चेस्टनट, सुकवलेला माकूल असा नैवेद्य पुरला जातो. वर मंदिराच्या धाटणीचं छप्पर तारांनी लटकतं. पूर्वी त्याला चार खांब होते. प्रेक्षकांना आड येतात म्हणून 1952 मध्ये ते काढले आणि त्यांच्या जागी चार रंगांचे गोंडे आले.

सकाळी बहुतेक खण रिकामे असतात. कोवळी पोरं काळ्या सुती मावाशीत, म्हणजे लंगोटात, येतात, भिडतात, जातात. मीठ उधळणं नाही, ताटकळणं नाही. तळपायाखेरीज काहीही जमिनीला टेकलं किंवा रिंगणाबाहेर पाऊल पडलं की हरलात. वजनी गट नसल्यामुळे काटकुळा पोरगा दुप्पट अंगाच्या माणसापुढे उभा राहतो, आणि कधी कधी जिंकतोही. यांना पगार नाही. पगार क्रमवारीतल्या वरच्या दोन गटांतल्या फक्त 70 जणांना.

आता पंचाच्या, म्हणजे ग्योजीच्या पायांकडे लक्ष ठेवा. सकाळचा ग्योजी अनवाणी असतो, झगा गुडघ्यापर्यंत खोचलेला. दुपारी मोजे येतात, शेवटच्या कुस्त्यांना गवती चपला. सर्वात ज्येष्ठ ग्योजीच्या कमरेला खंजीर असतो. निकाल चुकला तर पोट चिरून घ्यायची तयारी, असा त्याचा अर्थ. आजकाल राजीनामा देऊ करण्यावर भागतं. दरम्यान पैलवानांच्या मावाशी रेशमी आणि रंगीत होतात, मूठमूठ मीठ उडू लागतं. सर्वात वरच्या गटात भिडण्याआधी चार मिनिटांची मुभा आहे. दोघे बसतात, डोळे रोखतात, पुन्हा उठतात, आणि सभागृह तापत जातं. कुस्ती मग काही सेकंदांत संपते. योकोझुना, म्हणजे सर्वोच्च पदाचा पैलवान, हरला तर खाली घालायच्या गाद्या हवेत उडतात. तशी मनाई आहे, पण कोण ऐकतं!

एक गोष्ट मात्र खटकते. दोह्योवर बाईने पाय ठेवायचा नाही हा नियम अजून चालू आहे. 2018 मध्ये माइझुरू इथे महापौर दोह्योवरच कोसळले. मदतीला धावलेल्या स्त्रियांना, ज्यांत वैद्यकीय जाणकारही होत्या, खाली उतरायला ध्वनिक्षेपकावरून सांगितलं गेलं. सुमो संघटनेने माफी मागितली. नियम तसाच राहिला. खांब जर प्रेक्षकांसाठी काढता आले, तर हा नियम बदलणंही अशक्य नसावं.

खायला याकितोरी घ्या, काडीला लावलेले कोंबडीचे तुकडे. ते याच इमारतीच्या तळघरात भाजतात आणि थंडच खातात. कोंबडी दोन पायांवर उभी असते, हात टेकत नाही, म्हणून ती इथे शुभ.

टोकियोतल्या स्पर्धा जानेवारी, मे आणि सप्टेंबरमध्ये, प्रत्येकी पंधरा दिवस. मार्चमध्ये ओसाका, जुलैमध्ये नागोया, नोव्हेंबरमध्ये फुकुओका. तिकिटं लवकर संपतात, तेव्हा विमानाच्या आधी त्यांचं बघा. एरवी गेलात तर परिसरातल्या एखाद्या तालमीत सकाळचा सराव बघता येतो का ते आधी विचारून घ्या. जमलंच, तर तिथे गप्प बसा आणि पाय अवघडले तरी तळवे दोह्योकडे करून पसरू नका.