सहा गाड्यांची शर्यत

फॉर्म्युला वनच्या शर्यतीत वीस गाड्या स्टार्टला आल्या आणि धावल्या फक्त सहा, असं कुणी सांगितलं तर आपण म्हणू, "चल, फेकू नकोस!" पण 19 जून 2005 ला अमेरिकेत इंडियानापोलिसच्या ट्रॅकवर अगदी हेच घडलं. कारण इंजिन नव्हे, पाऊस नव्हे. कारण होतं टायर!

त्या वर्षी फॉर्म्युला वनला दोन कंपन्या टायर पुरवत होत्या. मिशेलिनकडे सात संघ, म्हणजे 14 गाड्या. ब्रिजस्टोनकडे फेरारी, जॉर्डन आणि मिनार्डी, म्हणजे 6 गाड्या. शिवाय 2005 साठी नवा नियम होता. क्वालिफाइंग आणि पूर्ण शर्यत मिळून टायरचा एकच सेट वापरायचा, मध्ये बदलायचा नाही. म्हणजे टायर वेगवान तर हवाच, पण टिकाऊही हवा.

आता ट्रॅककडे येऊ. इंडियानापोलिस हा मुळात ओव्हल ट्रॅक. फॉर्म्युला वनची शर्यत त्याच्या आतल्या रस्त्यावर व्हायची, पण टर्न 13 हे वळण मात्र ओव्हलचंच होतं. ते बँक केलेलं, म्हणजे आतल्या बाजूला कललेलं. बँकिंगचं गणित आपण अकरावीलाच केलंय. सपाट वळणावर गाडीला आत खेचण्याचं सगळं काम घर्षण करतं, कललेल्या वळणावर रस्त्याची नॉर्मल रिअॅक्शन मदत करते. म्हणून ड्रायव्हर तिथे ॲक्सिलरेटर पूर्ण दाबूनच जातो. पण फुकट काहीच मिळत नाही! गाडी रस्त्यावर जास्त जोराने दाबली जाते आणि तो भार टायरवर येतो. वळण उजवीकडचं, त्यामुळे सगळ्यात जास्त मार डाव्या मागच्या टायरला. त्याची साइडवॉल प्रत्येक फेऱ्याला वाकते आणि सरळ होते. तार पुन्हा पुन्हा वाकवली की शेवटी तुटते ना, तसंच. यालाच फटीग म्हणतात.

शुक्रवारी सरावात राल्फ शूमाकरचा टोयोटा टर्न 13 वर डावा मागचा टायर फुटून भिंतीवर आदळला. 2004 मध्ये याच वळणावरच्या अपघातात त्याच्या पाठीच्या कण्याला दुखापत झाली होती, म्हणजे हा काही कागदावरचा धोका नव्हता. मिशेलिनच्या इंजिनियर्सनी टायर तपासले. फ्रान्सहून दुसरे मागवले, पण तेही भरवशाचे निघाले नाहीत. शेवटी कंपनीने सरळ सांगितलं की या वळणावर पूर्ण वेगात दहा लॅपपेक्षा जास्त आम्ही खात्री देऊ शकत नाही. शर्यत होती 73 लॅपची!

मग सुरू झाली वादावादी. संघांनी सुचवलं, टर्न 13 च्या आधी शिकेन टाका. ('मी शिकेन' मधलं नव्हे! वेग कमी करायला लावणारं नागमोडी वळण.) फेरारी सोडून बाकी नऊ संघ तयार होते. एफआयए म्हणाली, नाही. जे योग्य टायर घेऊन आले त्यांच्यावर हा अन्याय, आणि ऐन वेळी बदललेला ट्रॅक कुणी तपासलेलाही नाही. त्यांनी उलट सुचवलं, मिशेलिनवाल्यांनी त्या वळणावर हळू जावं किंवा दर लॅपला पिट लेनमधून जावं. पण एकाच वळणावर सहा गाड्या सुसाट आणि चौदा हळू, हे कितपत सुरक्षित?

रविवारी फॉर्मेशन लॅप झाली आणि चौदाच्या चौदा गाड्या सरळ पिटमध्ये वळल्या. प्रेक्षक भडकले, ट्रॅकवर बाटल्या फेकल्या. मायकेल शूमाकर जिंकला, बारिकेलो दुसरा, जॉर्डनचा मोंतेरो तिसरा. आणि चौथा कोण? आपला नारायण कार्तिकेयन! त्याला मिळालेले 5 गुण हे फॉर्म्युला वनमध्ये भारतीय ड्रायव्हरने मिळवलेले आजवरचे एकमेव गुण आहेत. "सहाच गाड्या होत्या" म्हणून लोक नाक मुरडतात. पण एकाच सेटवर ती शर्यत त्याने पूर्ण केली, हे विसरू नका.

गंमत बघा. 2005 च्या 19 शर्यतींपैकी उरलेल्या सगळ्या, म्हणजे 18, मिशेलिनच्या टायरवर जिंकल्या गेल्या. म्हणजे त्या मोसमातला सगळ्यात भारी टायर एका वळणापुढे हरला! म्हणूनच मला वाटतं, डिझाइन नुसतं 'चांगलं' नसतं. ते कुठल्या लोडसाठी चांगलं, हे विचारावं लागतं.

चूक मिशेलिनचीच होती, ती इंडियानापोलिसला येण्याआधीच झाली होती. त्यांनी नंतर प्रेक्षकांना तिकिटाचे पैसे परत देऊ केले. पण शनिवार-रविवारचा त्यांचा निर्णय मला बरोबर वाटतो. जगासमोर "आमचा टायर टिकणार नाही" म्हणायला हिंमत लागते. गप्प बसले असते तर कदाचित काहीच झालं नसतं. कदाचित एखादा ड्रायव्हर गेला असता. आपण व्हायव्हाला "माहीत नाही" म्हणायला घाबरतो आणि काहीतरी ठोकून देतो. तिथे फार तर मार्क जातात. पुढे सही करायची वेळ येईल तेव्हा मात्र पलीकडे कुणीतरी ताशी 300 किलोमीटरने वळणाकडे येत असेल.